उलट्या वेढ्याची माशी

क्लूनाह, लॉख कॉन, काउंटी मेयो
११ फेब्रुवारी १९७४

मिसेस लोनरगन यांस,

गळावर पिसं-रेशीम गुंडाळून बांधलेल्या तुमच्या सहा माश्या मिळाल्या. पोस्टमननं पाकीट मुडपून मागच्या खिशात घातलं आणि वर तसाच सायकलवर बसला, त्यामुळे दोघींचे पंख मोडले. त्याबद्दल त्याला दारातच झापलं आहे. तुमचा त्यात दोष नाही.

माझ्या जाहिरातीला चार उत्तरं आली. एका गृहस्थांच्या माश्या बघून मला वाटलं, केरसुणीत गळ अडकलाय. दुसऱ्यानं बारा माश्या अशा बांधल्या होत्या की एक झाकावी आणि दुसरी काढावी. कारखान्यातल्या बटणांसारख्या. ट्राउट माशाला असला नीटनेटकेपणा लागत नाही. त्याला पाण्यात बुडणारा, पाय झाडणारा, जीव वाचवायला धडपडणारा किडा लागतो. तुमच्या माशीला ती धडपड आहे. डोकं जरा जाड होतं, मेण कमी लावा म्हणजे बारीक येईल.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी एकटी बाई, वय एकसष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून चाळीस वर्षं या तळ्यासाठी माश्या बांधल्या. वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. गळ पकडून ठेवणारा शिकंजा आमच्या घरात कधी आला नाही, गळ बोटांतच धरायचा. आता बोटांनीच दगा दिलाय. संधिवातानं ती अशी वाकलीत की चहाचा कप धरता येतो, पण पिसाची पट्टी धरता येत नाही. मे महिन्यात तळ्यावर किडा उठतो आणि मासे वर येतात तेव्हा होडीवाले आणि हॉटेलवाले माझ्या दाराशी येतात. या वर्षी रिकाम्या हातानं परत गेले तर पुढच्या वर्षी येणार नाहीत. मग या घराची पायवाट झिजवायला कुणी उरणार नाही, म्हणून मदतीला कुणी शोधते आहे.

एक गोष्ट विचारायची आहे. परकी माशी आली की मी एक उसवून बघते, आतलं काम बघितल्याशिवाय माणूस कळत नाही. तुमच्या माशीवर रेशमाचा दोरा उलटा फिरलाय. आम्ही सगळे ज्या बाजूनं वेढे घालतो त्याच्या बरोबर विरुद्ध. तुम्ही डावखुऱ्या आहात का? आणि शिकलात कुणाकडे?

सबिना हेनेघन


कॅपोक्विन, काउंटी वॉटरफर्ड
१९ फेब्रुवारी १९७४

मिस हेनेघन यांस,

पत्र मिळालं. मेण कमी लावून तीन माश्या पुन्हा बांधल्या, सोबत आहेत. या वेळी डबीत घातल्या आहेत, तुमचा पोस्टमन डबीवर बसला तर त्यालाच टोचेल.

मी डावखुरी नाही. लिहिते उजव्या हातानं, बेकरीत सकाळी पाव कापते तोही उजव्याच हातानं. दुपारनंतर मोकळी असते. शिकंजा आमच्याकडेही नाही. शिकणं घरातच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या घरी खिडकीत बसून बांधायची पद्धत आहे, नदी तिथून दिसते.

मेपर्यंत तुम्हाला किती लागतील ते कळवा.

नोनी लोनरगन


क्लूनाह
२ मार्च १९७४

मिसेस लोनरगन यांस,

डोकी आता छान आली आहेत. हिरवा पीटर या माशीचं पोट मी असते तर थोडं जाड केलं असतं, पण तुमच्या नदीच्या सामन माशाला जे चालतं ते आमच्या ट्राउटला चालेलच असं नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक असणार? सुधारा.

तुम्ही उजव्या हातानं लिहिता आणि उजव्या हातानं पाव कापता, असं लिहिलंय. आणि माश्या मात्र डाव्या हाताच्या येतात. कुणाच्या घरात काम कोण करतं आणि पत्र कोण लिहितं यात मी नाक खुपसणार नाही. वडिलांच्या नावानं तंबाखूच्या दुकानाला पाठवायच्या चिठ्ठ्याही मीच लिहीत असे.

पण एक सांगते. मी तुमची दुसरी माशीही उसवली. शेपटाच्या बुडाशी, पोटाची लव गुंडाळण्याआधी, पिवळ्या रेशमाचा एक वेढा होता. एकच. तो कुणाला दिसत नाही, माशालाही दिसत नाही. माझे वडील तो घालायचे. त्यांना मी एकदा विचारलं होतं की न दिसणाऱ्या गोष्टीवर रेशीम का घालवायचं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि सांगितलं की आपलं आहे हे आपल्याला कळावं म्हणून. हा वेढा या जगात तीनच माणसांना माहीत होता. एक वडील, ते तेवीस वर्षांपूर्वी गेले. दुसरी मी.

मला वरच्या गळासाठी, म्हणजे लाटेवर नाचवायच्या माशीसाठी, दोन डझन निखारी नावाच्या हव्यात. लवेचा रंग कसा हवा ते बांधणाऱ्याला माहीत असेल.

तुमचा उन्हाळा लवकर येतो म्हणतात. इथे अजून शेगडीपासून हलवत नाही. माझा कोंबडा, ज्याच्या मानेची पिसं मी वापरते, तोही घरात येऊन बसतो आणि मी त्याला हाकलत नाही. बोलायला कुणीतरी लागतं.

सबिना हेनेघन


कॅपोक्विन
१४ मार्च १९७४

मिस हेनेघन यांस,

पाच डझन माश्या पाठवत आहे. हिरव्या पीटरची पोटं जाड केली आहेत. निखारी दोन डझन आहेत, पण साध्या तपकिरी लवेच्या. तो दुसरा रंग आमच्याकडे करत नाहीत.

कोंबड्याला खुशाल घरात बसू द्या.

नोनी लोनरगन


क्लूनाह
२३ मार्च १९७४

प्रिय मिसेस लोनरगन,

‘तो दुसरा रंग आमच्याकडे करत नाहीत.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अख्खी दुपार दुसरं काही केलं नाही, पाव जळाला.

करता येत नाही असं नाही लिहिलंत. करत नाहीत, असं लिहिलंत. या शब्दांत मला कुणाचा तरी आवाज ऐकू आला. लहानपणी त्याला मासे साफ करायला सांगितलं की तो असाच म्हणायचा, ‘मी करत नाही.’ रडायचा नाही, भांडायचा नाही, नुसतं करायचा नाही.

मिसेस लोनरगन, माझा थोरला भाऊ कोलमन डावखुरा होता. शाळेत मास्तरांनी त्याचा डावा हात बाकाला बांधला, तेव्हा त्यानं उजव्या हातानं लिहायला शिकून घेतलं आणि घरी आल्यावर बाकी सगळं डाव्या हातानं केलं. छत्तीस वर्षांपूर्वी तो या घरातून गेला, एक ओळ पाठवली नाही. पिवळ्या वेढ्याची माहिती असलेलं तिसरं माणूस तो.

तो तुमच्या घरात कोण आहे ते मी विचारत नाही. भाडेकरू असेल, नवरा असेल, तुम्हाला त्यानं माझ्याशी खोटं बोलायला लावलं असेल, सगळं मान्य. तुम्ही खरं नाव लिहिलं नाहीत म्हणूनही राग नाही. त्याला फक्त एवढं सांगा की बाबा गेले. इथे आता त्याच्यावर रागावणारं कुणी नाही. माडीवरच्या खोलीत मी दर शनिवारी शेगडी पेटवते, म्हणजे भिंती ओल धरत नाहीत. त्यानं यायचं ठरवलं तर जाड कोट आणावा, त्याला आठवत असेल तितकी इथली थंडी कमी झालेली नाही.

सोबत निखारी लवेची पुडी पाठवते आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मीच रंगवली, दगडफूल घालून, बाबांच्या पद्धतीनं. ओली करून खिडकीत धरली की आतून पेटल्यासारखी दिसते. तो ओळखेल.

सबिना


कॅपोक्विन
८ एप्रिल १९७४

मिस हेनेघन,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुडी मिळाली. ओली करून खिडकीत धरली. तुम्ही म्हणता तशीच दिसते.

तुम्ही लिहिता की तिथे आता त्याच्यावर रागावणारं कुणी नाही. पण रागावायचं कुणी कुणावर, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तो घरातून का गेला तेही लिहिलं नाहीत. माणूस शेजारच्या गावाला बैल विकायला जातो तसा गेला नसणार.

तो समोर असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, ते लिहा. मी पोचवेन असं वचन देत नाही. पण तुम्ही लिहाल ते इथे नीट वाचलं जाईल.

हॉटेलच्या चार डझन माश्या पुढच्या आठवड्यात निघतील.

नोनी लोनरगन


क्लूनाह
५ मे १९७४

कोलमन,

या बाईंना सांग की त्यांचं पत्र मला झोंबलं, आणि ते योग्य होतं. म्हणून त्यांच्या नावानं न लिहिता तुझ्याच नावानं लिहिते. मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठून कोंबड्यांना दाणे टाकले. कोंबड्या फुगल्यात.

तुला तो इंग्रज आठवत असेल, ट्रेडवेल, सदतीसच्या उन्हाळ्यात तीन आठवडे आपल्याकडे राहिलेला. दिवसा तू त्याला होडीतून न्यायचास आणि संध्याकाळी तुम्ही दोघं खालच्या गुत्त्यात बसायचात. मधल्या वेळात, तू होडी बांधून येईपर्यंत, तो माझ्या खिडकीपाशी बसायचा. मी बांधायची आणि तो पिसं हातात द्यायचा. मला काय आवडतं असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं ते त्यानं. मी म्हणाले, मला निखारी रंग आवडतो. तो म्हणाला, कसा करतात?

मी सांगितलं नाही. तो घराबाहेर कुणाला सांगायचा नाही अशी बाबांची ताकीद होती, दोन आठवडे सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी त्याची बॅग दारात होती आणि मी वहीचं पान फाडून सगळं लिहून दिलं. दगडफूल कुठल्या बाजूच्या खडकाचं, कुठल्या महिन्यात खरवडायचं, किती दिवसांच्या शिळ्या मुतात लव भिजवायची, अल्डरची साल कधी टाकायची. असलं प्रेमपत्र कुणी कुणाला लिहिलं नसेल. मला वाटलं, माझं अक्षर खिशात घेऊन गेलेला माणूस परत येतो. मी चोवीस वर्षांची होते आणि मूर्ख होते. मूर्खपणाचं मला आता फारसं वाटत नाही, पुढच्याचं वाटतं.

पुढच्या मार्चमध्ये तो रंग डब्लिनच्या दुकानात विकायला आला. बाबांनी एक माशी मागवली, ओली केली, खिडकीत धरली आणि परत डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुला विचारलं. तू जत्रेहून आला होतास, डोकं धरून बसला होतास. ते म्हणाले, त्या इंग्रजाबरोबर रोज पीत होतास, दारूत तूच सांगितलंस. मी तव्यावरचा पाव उलटत होते. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. आणि मग म्हणालास, ‘मला आठवत नाही.’

बाबा म्हणाले, ‘आठवत नाही म्हणजे सांगितलंस.’

मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. तू पिशवी भरलीस, दारातून गेलास, आणि मी पावाची दुसरी बाजू भाजली. मला वाटलं, उद्या सांगेन, बाबांचा राग उतरल्यावर सांगेन, तू पत्र टाकलंस की सांगेन. बाबांनी मरेपर्यंत तुझं नाव घेतलं नाही. ते शेवटच्या आजारात असताना सांगावं असं मनात आलं, पण त्यांनी माझा हात धरला होता.

कोलमन, तू माझ्याकडे बघून ओळखलंस हे मला त्याच क्षणी कळलं. तुला आठवत होतं, आणि आपण काही बोललो नाही हेही तुला पक्कं माहीत होतं. तरी ‘आठवत नाही’ म्हणालास, म्हणजे बाबांनी पुढे मला विचारू नये. तू मला पाठीशी घातलंस. छत्तीस वर्षं मी तुझ्या त्या दोन शब्दांवर जगते आहे. माझा भाऊ माझ्यासाठी एवढं करून गेला, या विचारानं मला लाजही वाटायची आणि ऊबही वाटायची. त्या उबेची मला सर्वांत जास्त शरम वाटते.

मला माफ कर. येऊन तोंडावर शिव्या दे आणि मग माफ कर. किंवा येऊ नकोस, नुसतं या बाईंना एक ओळ लिहायला सांग.

किडा उठला आहे. तळ्यावर ढगासारखा आहे, खिडकीच्या काचेवरसुद्धा बसलाय.

तुझी सबिना


कॅपोक्विन
१४ जून १९७४

मिस हेनेघन,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. त्यातले चार मी रागात काढले आणि दोन कसं लिहायचं या विचारात. आता सरळच लिहिते.

तुमचा भाऊ कोलमन ९ नोव्हेंबर १९७२ रोजी वारला. छातीच्या दुखण्यानं, इथल्या इस्पितळात, दुपारी. मी त्याची बायको. लोनरगन माझं माहेरचं नाव. माश्या मी बांधते, सगळ्या मीच बांधल्या. लग्नानंतर खिडकीत त्याच्या शेजारी बसून शिकले आणि त्याचे हात बघून जसं दिसलं तसं केलं. माझा डावा हात दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाही, साधी सुई धरता येत नाही. त्याला याचं फार हसू यायचं. पिवळा वेढा का घालायचा ते त्यानं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

वर्तमानपत्रात तुमची जाहिरात बघितली तेव्हा नाव आणि गाव दोन्ही ओळखलं. मला बघायचं होतं की ही कोण माणसं. मनात चांगलं काही नव्हतं. मग तुम्ही तुमच्या कोंबड्याबद्दल लिहिलंत, आणि मग ‘त्याला’ निरोप द्यायला लागलात. तिथेच तुम्हाला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, ही माझी चूक आणि ती मी कबूल करते. दीड वर्ष झालं, या गावात लोक माझ्यासमोर त्याचं नाव टाळतात, मला बरं वाटावं म्हणून. आणि इथे कुणीतरी लिहीत होतं की त्यानं जाड कोट आणावा. ते पत्र मी बेकरीत एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. दोन-तीन दिवस मीसुद्धा विसरले की तो नाही.

आता तुमच्या चुकीबद्दल.

त्यानं तुम्हाला पाठीशी घातलं नाही. त्याला काही माहीत नव्हतं. तो ‘मला आठवत नाही’ म्हणाला कारण त्याला आठवत नव्हतं. त्या इंग्रजाबरोबर तो रोज प्यायला होता, काय काय बोलला ते खरंच आठवत नव्हतं, आणि बाप म्हणतो त्या अर्थी आपणच सांगितलं असणार असं तो धरून चालला. मरेपर्यंत धरून चालला. मला त्यानं लग्नाआधी सांगितलं, म्हणाला, ‘मी दारू पिऊन बापाच्या घरातलं एकुलतं एक काहीतरी बाहेर घालवलंय, तुला हे माहीत असावं.’ घर सोडल्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नाही. कोटाला दारू सोडल्याची पिन लावायचा, लोकांना वाटायचं देवभोळा आहे. स्वतःच्या लग्नात त्यानं लिंबाचं सरबत घेतलं आणि माझ्या भावांनी त्यावरून त्याला आयुष्यभर चिडवलं.

मला सगळ्या माश्या शिकवल्या, पण तो रंग नाही. ‘आपण करत नाही’, एवढंच म्हणायचा. म्हणून तेच मी तुम्हाला लिहिलं. कधी कधी जेवता जेवता थांबायचा. मी विचारलं की सांगायचा, त्या गुत्त्यात कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं ते आठवतो आहे, एवढं आठवलं की पुढचंही आठवेल. मिस हेनेघन, जे घडलंच नाही ते तो चौतीस वर्षं डोक्यात शोधत होता.

आणि तो तुमच्याकडे का बघत होता तेही सांगते, कारण ते त्यानं मला सांगितलं आहे. त्या खोलीत तीन माणसं होती. एक आरोप करत होता, एकाला आठवत नव्हतं. तो तुमच्याकडे बघत होता की तुम्ही म्हणाल, बाबा, कोलमन असं करणार नाही. तेवढंच. तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा त्याची खात्री पटली. तो म्हणायचा, ‘सबिनालासुद्धा वाटलं की मीच.’

तुम्हाला माफी हवी आहे. ती माझ्याकडे नाही. आणि असती तरी आज दिली नसती.

नोनी हेनेघन


कॅपोक्विन
२१ ऑगस्ट १९७४

मिस हेनेघन,

जूननंतर तुमच्याकडून काही नाही. हंगामाच्या शेवटासाठी ठरलेल्या सहा डझन माश्या पाठवत आहे. काम कबूल केलं होतं, ते करते आहे. तुमची तब्येत ठीक नसेल तर शेजारच्या कुणाला तरी पोच लिहायला सांगा. माश्या पोचल्या एवढंच कळलं तरी पुरे.

नोनी हेनेघन


क्लूनाह
६ ऑक्टोबर १९७४

नोनी,

माश्या पोचल्या. डोकी बारीक, पोटं जाड, एकीतही खोड काढायला जागा नव्हती. उसवून बघितल्या नाहीत.

तब्येत ठीक आहे. लिहिता येत नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी माडीवर गेले आणि शेगडीतली राख काढून टाकली. तेवढं एकच काम त्या दिवशी जमलं. तुला ‘तू’ म्हणते आहे, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

उन्हाळाभर मला वाटत राहिलं की मी हे आता तोंडानं बोललं पाहिजे. त्याला ऐकू जाणार नाही, बाबांना नाही, पण या गावात त्याच्यावर दारुडा म्हणून ठपका आहे, तो मी काढला पाहिजे. आधी फादरकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन प्रार्थना म्हणायला सांगितलं. त्या मी चर्चच्या दारापर्यंत जाईतो संपल्या. त्यांचा दोष नाही, तरुण आहेत, त्यांना गायरानाच्या भांडणांची सवय आहे.

मग गेल्या सोमवारी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, होड्या बाहेर ओढतात तिथे गेले. दर वर्षी त्या दिवशी सगळे होडीवाले धक्क्यावर जमतात, मी चहाची मोठी किटली आणि पाव नेते. सात-आठ जण होते. मी किटली खाली ठेवली आणि सांगून टाकलं. रंग मी दिला, ट्रेडवेलला मी दिला, कोलमननं दिला नाही, बाबांनी त्याला हाकललं तेव्हा मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. तो आता कॅपोक्विनला पुरलेला आहे. सगळं बोलले.

मला वाटलं होतं कुणीतरी थुंकेल. निदान एक जण तरी चहा न घेता निघून जाईल. दोघं-तिघं पोरं होती, त्यातल्या एकानं शेजारच्याला विचारलं, ‘कोलमन कोण?’ आणि म्हातारा गिलबॉय, जो कोलमनबरोबर एका होडीत वाढला, ज्यानं त्या वर्षी गावभर त्याची नालस्ती केली होती, तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘अगं सबिना, किती वर्षं झाली त्याला. मनाला लावून घेऊ नकोस.’ मग त्यानं विचारलं की किटलीत अजून आहे का. मी ओतला. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. किटली घरापर्यंत आणून दिली.

तेव्हापासून मला झोप नाही. नोनी, सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. चहा फुंकता फुंकता माफ केलं, इतकं सहज की जणू तो मुळात कधी नव्हताच. त्याच्या वाटणीचा राग करणारं कुणी या गावात उरलेलं नाही. या जगात एक तूच आहेस.

तू जूनमध्ये लिहिलंस ते मी रोज वाचते. ‘सबिनालासुद्धा वाटलं की मीच’, ही ओळ आली की पत्र खाली ठेवते, मग पुन्हा उचलते. माफी मागितली ती मी परत घेते. मला ती नको आहे, आणि माझ्यावर दया येऊन कधी द्यावीशी वाटली तर देऊ नकोस. त्याच्या बाजूनं माझ्याशी भांडत राहा. तो काय खायचा, कशावर चिडायचा, गुत्त्यातल्या कुठल्या खुर्च्या आठवायचा, शेवटच्या दुपारी तो काय म्हणाला, सगळं लिही. मला लागेल असं लिही. थांबू मात्र नकोस, कारण तू थांबलीस की तो गेला.

तुझी नणंद,
सबिना